मांजर असलेल्या घरात मनीप्लँटऐवजी काय लावलं

आमची मनी खिडकीच्या ग्रिलवर बसते आणि लोंबणारं काही दिसलं की झडप घालते. मनीप्लँटचं पान चावलं, की लाळ गळायला लागायची, पंजानं तोंड घासत सुटायची. त्याच्या पानादेठांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, ते जिभेत रुततात. फिलोडेंड्रॉनचंही तेच. दोन्ही कुंड्या शेजारच्या काकूंना दिल्या. त्यांच्याकडे मांजर नाही.

आता होया, बोस्टन फर्न आणि स्पायडर प्लँट आहेत. तिन्ही कुत्र्यामांजरांना विषारी नाहीत. स्पायडर प्लँट मात्र मनीला भलताच आवडतो, नि जास्त खाल्ला की उलटी ठरलेली. म्हणून तो आखूड दोरीनं छताच्या हुकाला टांगलाय, त्याची पिल्लं, म्हणजे लोंबणारी छोटी रोपं, लांबली की कापून पाण्यात ठेवते.

नर्सरीत ‘फर्न द्या’ एवढंच म्हणू नका. अस्पॅरॅगस फर्न हे मुळात फर्नच नाही आणि त्याची लाल फळं प्राण्यांना बाधतात. बोस्टन फर्नचं शास्त्रीय नाव नेफ्रोलेपिस, तेच विचारा. मुंबईच्या पावसाळी दमट हवेत तो मस्त फोफावतो. उन्हाळ्यात पंख्याखाली ठेवला, तर पानांची टोकं करपतात.