दुर्बिणीच्या रिपोर्टमधलं ‘इरोजन’ आणि ‘अल्सर’ कसं वाचायचं

मी एंडोस्कोपी विभागात परिचारिका आहे. रिपोर्ट हातात पडला की नातेवाईक हमखास विचारतात, “सिस्टर, यातलं जास्त वाईट कुठलं?”

आधी खोली बघा. इरोजन म्हणजे जठराचं अस्तर वरवर खरचटणं. अल्सरची जखम ते अस्तर भेदून खालच्या थरात उतरते, आणि तिथे मोठ्या रक्तवाहिन्या असतात. रुंदीने साधारण 5 मिमीपासून पुढच्या जखमेला अल्सर म्हणतात.

रक्तस्राव झाला असेल तर ‘फॉरेस्ट’ हा शब्द शोधा; त्यापुढचा आकडा म्हणजे अल्सरच्या रक्तस्रावाची प्रतवारी. 3 म्हणजे तळ स्वच्छ. 2ए म्हणजे उघडी पडलेली रक्तवाहिनी. 1ए म्हणजे रक्ताची चिळकांडी. पडद्यावर ती दिसली की डॉक्टर तिथल्या तिथे इंजेक्शन देऊन क्लिप लावतात.

पण नुसत्या नावावर जाऊ नका. दुखण्याच्या गोळ्या रोज घेणाऱ्यांची किंवा आयसीयूतल्या रुग्णांची पसरलेली इरोजनंही रक्त सोडतात. शौच डांबरासारखं काळं, चिकट होत असेल, रक्ताची उलटी झाली किंवा घेरी आली, तर रिपोर्ट वाचत बसू नका, तडक कॅज्युअल्टी गाठा. (लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळं होतं, हे डॉक्टरांना सांगा.)

हेलिकोबॅक्टर पायलोरी या जठरातल्या जंतूची तपासणी झाली का, हे इरोजन आणि अल्सर दोन्हींत विचारा. जठराच्या अल्सरमध्ये बायोप्सीचंही (तुकडा काढून तपासण्याचं) विचारा, कारण कर्करोग हुबेहूब तसाच दिसू शकतो. डॉक्टरांनी 8 ते 12 आठवड्यांनी पुन्हा दुर्बिणीला बोलावलं, तर पोट दुखायचं थांबलं म्हणून ती तारीख चुकवू नका.