छर्रा बदलण्याआधी या चुका टाळा

आमच्या नेमबाजी क्लबमधल्या अकरावीच्या एका पोराचा एअर रायफलचा ग्रुप, म्हणजे कागदावरच्या भोकांचा पुंजका, आठवडाभर फाटत होता. एका संध्याकाळी तो म्हणाला, "सर, अमेरिकेत लोक घरी शिसं ओतून गोळ्या बनवतात. आपण काऊन नाही करत? नाहीतर तांब्याच्या जॅकेटवाल्या तरी मागवा नं."

घरच्या गोळ्यांचं उत्तर सोपं आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ५ नुसार परवान्याशिवाय दारूगोळा तयार करता येत नाही. विषय संपला. जॅकेटबद्दलचा गैरसमज मात्र मोठ्या नेमबाजांतही दिसतो, म्हणून तिथे जरा थांबतो.

तांब्याचं कवच वेगासाठी असतं, नेमासाठी नाही. सेकंदाला आठशे मीटरच्या आसपास पळणाऱ्या गोळीचं उघडं शिसं नळीच्या आट्यांत घासून चिकटतं आणि पुढच्या गोळीची वाट बिघडवतं. ३०० मीटरच्या रायफलला म्हणून जॅकेट लागतं. ५० मीटरच्या रायफलची पॉइंट टू-टू (०.२२ इंची) गोळी सेकंदाला साधारण ३३० मीटरने निघते. ती असते उघड्या शिशाची, वरून वंगण लावलेली. स्पर्धेचा नियमही शिसं किंवा तसाच मऊ पदार्थ मागतो. कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेचं २०२४ चं पॅरिसमधलं कांस्य याच ५० मीटर थ्री पोझिशनमधलं, म्हणजे गुडघ्यावर, पालथं आणि उभं राहून मारायच्या प्रकारातलं. आपला एअर रायफलचा छर्रा तर जेमतेम १७० मीटरने जातो. आपल्या खेळात जॅकेट लागतं ते फक्त अंगात घालायचं, आणि नागपूरच्या मे महिन्यात तेही नकोसं होतं.

मग घरी ओतलेली गोळी नेमात मागे का पडते? साचा नीट भरला नाही की बुडाची कड अर्धवट राहते, पोटात हवेचा बुडबुडा अडकतो, जाडी केसभर कमी-जास्त होते. फिरताना अशी गोळी डगमगते, आणि प्रत्येक गोळी आपापल्या तऱ्हेने डगमगते. नीट ओतलेली, नळीला घट्ट बसणारी गोळी कमी वेगात उत्तम चालते. खरा प्रश्न सारखेपणाचा आहे, आणि तो कारखान्यातल्या छर्र्यालाही सुटलेला नाही. डब्यावरचा ४.४९, ४.५० हा आकडा डोक्याचा व्यास सांगतो. कुठला आकडा कुठल्या नळीला मानवेल, हे त्या नळीलाच विचारावं लागतं. मित्राला चालला म्हणून तोच डबा घेणं ही पहिली चूक.

दुसरी चूक मी स्वतः केली आहे. इतवारीच्या सराफ्यात ओळखीच्या दुकानी बसून मिलीग्रॅमच्या काट्यावर अख्खा डबा तोलला. दुकानदार म्हणाला, "हे सोनं आहे का भाऊ?" नंतर कागदावर हिशोब मांडला. ०.५३ ग्रॅमच्या छर्र्यात एक टक्का फरक असला, तर दहा मीटरवर नेम खाली-वर सरकतो सुमारे ०.१७ मिलिमीटर. एक दशांश गुण म्हणजे ०.२५ मिलिमीटर. अख्खी दुपार वाया गेली. त्यापेक्षा चेपलेला स्कर्ट, म्हणजे छर्र्याचा मागचा पोकळ घेर, जास्त नडतो. वर्धा रोडच्या खड्ड्यांवरून स्कूटरच्या डिक्कीत उघडे छर्रे आदळत आणले की पातळ स्कर्टला पोचे पडतात, हवा एका बाजूने निसटते आणि छर्रा सरळ जात नाही. डबा कपड्यात गुंडाळून आणा, भरताना प्रत्येक छर्र्याचा स्कर्ट बघा. आणि हो, तर्री पोह्याआधी हात साबणाने धुवा. शिसं आहे ते.

छर्रा उभं राहून तपासू नका. तेव्हा तुम्ही छर्रा नाही, स्वतःला तपासत असता. रायफल शिकंज्यात घट्ट बांधा, दहा-दहा गोळ्यांचे निदान तीन ग्रुप घ्या. पाच गोळ्या कधीकधी नशिबानेही एका भोकात जातात. नवा छर्रा असेल तर आधीच्या वीसेक गोळ्या मोजू नका, नळी त्याला रुळू द्या. एका वेळी एकच गोष्ट बदला. नळीत तेल तर अजिबात नको.

एअर रायफलचा दाबलेल्या हवेचा सिलिंडर उन्हातल्या गाडीत ठेवणं मात्र नुसती चूक नाही, धोका आहे. २५ अंशांना २०० बार असलेला दाब ६० अंशांना २२० च्या वर जातो. मग सावलीत काटा उतरला की पोरं गळती शोधत बसतात.

त्या पोराची रायफल शेवटी शिकंज्यात बांधली. तक्रार होती त्याच डब्यातल्या दहा गोळ्या, आणि कागदावर एका छर्र्याहून जेमतेम मोठं भोक. मग त्याला उभं केलं. दहावीत बसवलेली बट प्लेट, म्हणजे खांद्याला टेकणारी पट्टी, अजून तिथेच होती, आणि पोरगं वर्षभरात चांगलं चार बोटं वाढलं होतं. प्लेट थोडी मागे सरकवली, गाल टेकवायचा चीक पीस वर घेतला. डबा तोच चालू आहे.