लिमिटेड सिरीज लिहायची आहे? मग आधी मधले भाग दाखवा

पायलट, म्हणजे पहिला भाग, लिहून तयार आहे आणि पुढच्या पाच भागांचं ‘बघू’ आहे, अशी अवस्था असेल तर ते पायलट आज बाजूला ठेवा. नाशिकच्या कालिदास कलामंदिरात एकांकिका गाजवलेल्या, संवादांवर हुकूमत असलेल्या लेखकांचीही लिमिटेड सिरीज (ठरलेल्या भागांत संपणारी मालिका) इथेच आपटते. संवाद कच्चे असतात म्हणून नाही. शेवट ठरलेला नसतो आणि मधल्या तीन भागांत काही घडतच नसतं, म्हणून.

प्रकार काही आजचा नाही. अमेरिकेत ‘रूट्स’ 1977च्या जानेवारीत ओळीनं आठ रात्री दाखवली गेली. आपल्याकडे दूरदर्शनवर 13, 26, 52 अशा पट्टीत मालिका मंजूर व्हायच्या. आठवड्याला एक भाग, म्हणजे 13 भागांत एक तिमाही. गोष्ट कुठे संपवायची हे लेखकाला पहिल्या दिवशीच ठाऊक असायचं. पुढे डेली सोप आले आणि हिशेबच उलटला. सेट एकदा उभारायचा, त्याचा खर्च शेकडो भागांवर पसरवायचा, जाहिराती रोजच्या स्लॉटवर विकायच्या. अशा गणितात गोष्ट संपणं हाच तोटा. ओटीटीचं गणित वेगळं. मोठा नट दोन वर्षं एका भूमिकेत अडकायला तयार नसतो, पण दोन-अडीच महिने देतो. प्रेक्षकही ‘किती भाग आहेत?’ हे पाहूनच सुरू करतो. म्हणून ‘चर्नोबिल’ (2019) पाच भागांत संपली, ‘अ‍ॅडोलसन्स’ (2025) चारच भागांत, हर्षद मेहता प्रकरणावरच्या ‘स्कॅम 1992’ला (2020) दहा लागले आणि मराठीत ‘मानवत मर्डर्स’ (2024) आठ भागांची झाली. आकडा एकच असा नाहीच. ‘आजकाल आठ चालतात’ असं कुणी सांगितलं तर ऐकून घ्या आणि आपली गोष्ट मोजा.

मोजायची कशी? सहा भाग, प्रत्येकी 40 मिनिटं, म्हणजे 240 मिनिटं. साधारण दोन चित्रपटांइतका ऐवज. एका भागात 25 ते 30 सीन धरले तर एकूण 150 ते 180. दोन तासांच्या चित्रपटाची गोष्ट घेऊन बसलात तर तिसऱ्या भागातच झोळी रिकामी होते. डेली सोपची सवय घेऊन बसलात तर उलटी अडचण. तिथे 22 मिनिटांचा भाग, आठवड्याला सहा, वर्षाला तीनशेच्या वर. त्या वेगात एखादी घटना घडवून पुढच्या आठवड्यात मागे घेता येते. गेलेला माणूस परत येतो, मोडलेलं लग्न जुळतं, कागदपत्रं खोटी निघतात. लिमिटेड सिरीजमध्ये घडलेलं परत फिरवता येत नाही. फिरवलंत की प्रेक्षक उठून जातो, आणि प्रेक्षकाच्याही आधी उठतो तो निर्मात्याच्या वतीनं पटकथा वाचणारा क्रिएटिव्ह प्रोड्यूसर.

आता खरा सापळा. यावर जास्त बोलणार आहे, कारण हा सापळा चांगल्या लेखकांनाच धरतो, अभ्यास करणाऱ्यांना तर हमखास. ‘माहिती’ लिहायची आणि तिला ‘घटना’ समजायचं, हा तो सापळा.

नाशिकचंच उदाहरण घेऊ. 21 डिसेंबर 1909. विजयानंद नाट्यगृह, ‘संगीत शारदा’चा प्रयोग, बदली झालेल्या कलेक्टर जॅक्सनचा निरोप, आणि अनंत कान्हेरेनं झाडलेल्या गोळ्या. 19 एप्रिल 1910 ला कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे यांना ठाण्यात फाशी. चार महिन्यांत बंद झालेलं प्रकरण. लिमिटेड सिरीजला याहून घट्ट गोष्ट शोधून सापडायची नाही. नवखा लेखक याचे भाग कसे पाडतो? पहिल्या भागाच्या शेवटी गोळीबार. दुसऱ्यात कान्हेरेची जडणघडण. तिसऱ्यात जॅक्सनचा संस्कृतचा व्यासंग. चौथ्यात तेव्हाचं नाशिक, गुप्त मंडळी, पिस्तुलं लंडनहून कशी आली. पाचव्यात खटला, सहाव्यात फाशी. सगळं खरं, सगळं अभ्यासून लिहिलेलं. आणि दुसऱ्या ते चौथ्या भागांत वर्तमानात काहीही घडत नाही. तीन भाग, दोन तास, प्रेक्षकाला फक्त ‘कळत’ राहतं.

प्रत्येक भागाखाली एकच वाक्य लिहा: ‘या भागाअखेर असं काय झालं, की आता मागे जाता येणार नाही?’ उत्तर ‘प्रेक्षकाला कळतं की…’ किंवा ‘आपल्याला दिसतं की…’ असं सुरू झालं तर त्या भागावर लाल खूण. उत्तरात कुणीतरी काहीतरी केलेलं हवं, आणि त्याची किंमत कुणाला तरी मोजावी लागलेली हवी.

त्याच प्रकरणाची पुन्हा मांडणी करा. पहिला भाग जून 1909 ला संपतो: बाबाराव सावरकरांना जन्मठेप काळ्या पाण्याची. इथून मंडळींना गप्प बसण्याचा पर्याय उरत नाही. दुसऱ्याअखेर पिस्तूल हातात येतं, म्हणजे आजवरचं बोलणं पुराव्यात बदलतं. तिसऱ्याअखेर जॅक्सनच्या बदलीची बातमी येते आणि हातात मोजके दिवस उरतात. चौथा विजयानंदमध्ये संपतो. पाचव्यात पकडापकडी आणि माफीचा साक्षीदार. आता एकमेकांवर विश्वास ठेवणंच अशक्य. सहावा ठाण्यात. जॅक्सनचं संस्कृत गेलं कुठे? गेलं नाही. निरोपाला नाटकच का ठेवलं, तो तिथे येणार हे इतकं निश्चित का होतं, या प्रश्नांच्या आत ते जाऊन बसलं. माहिती टाकायची नसते, एखाद्या निर्णयाच्या खांद्यावर बसवायची असते.

शेवट सगळ्यांना ठाऊक असलेल्या गोष्टीत ‘कोणी मारलं?’ हा प्रश्न चालवता येत नाही. प्रश्न बदलावा लागतो: हे थांबवणं कुणाला शक्य होतं, आणि त्यानं का थांबवलं नाही? हा प्रश्न कागदाच्या माथ्यावर लिहून ठेवा. ज्या सीनचा त्याच्याशी काडीचाही संबंध नाही तो काढा, कितीही सुंदर असला तरी.

एक इशारा: हे उदाहरण सरावापुरतं. पहिलंच काम म्हणून 1909 चा काळ घेऊन कुणाकडे जाऊ नका. कपडे, टांगे, दिवे, गर्दी, सगळ्याचा खर्च अंगावर येतो आणि नवख्या नावावर तो कुणी घालत नाही. पण निराश व्हायचं कारण नाही. बंद गोष्टी आजच्या नाशिकमध्येही भरपूर आहेत: लासलगावचा एक लिलाव, एका सहकारी बँकेची अखेरची सहा महिन्यांची पानं, सातपूरमधल्या एका कारखान्याचा संप. सुरुवात आणि शेवट असलेलं काहीही चालतं.

कागदपत्रांचं थोडक्यात. दोन ओळींची लॉगलाइन (गोष्टीचं सार), दोन पानांची कन्सेप्ट नोट, 12 ते 20 पानांचं बायबल (पात्रं, जग, भागवार सारांश) आणि मग पायलटची पटकथा. क्रम हाच ठेवा. भागवार सारांश प्रत्येकी एक पान, आणि सहाव्या भागाचं पान सगळ्यात आधी लिहायचं. ‘शेवट गुप्त ठेवला आहे’ असं बायबलमध्ये लिहिणाऱ्यांची फाईल तिथेच मिटते. वाचणाऱ्यापासून शेवट लपवायचा नसतो, त्याला तो विकायचा असतो.

देवनागरीत लिहिणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवा. ‘एक पान म्हणजे एक मिनिट’ हा हिशेब इंग्रजी पटकथेच्या ठरावीक मांडणीवर आणि 12 पॉइंट कुरियर टाइपावर बेतलेला आहे. मराठी युनिकोड फॉन्टमध्ये तो चुकतो, कधी बराच चुकतो. पटकथा मोठ्यानं वाचा, संवादाच्या वेगानं, हालचालींना थांबत, स्टॉपवॉच लावून. 40 मिनिटांच्या भागाचं वाचन 52 मिनिटं चाललं तर संकलक ते कापेल या भरवशावर राहू नका. तो कापेल ते तुम्हाला हवं तेच असेल असं नाही. सॉफ्टवेअर घेण्याआधी त्यात जोडाक्षरं नीट उमटतात का, पीडीएफ काढल्यावर तुटतात का, हे एका पानावर तपासा.

मार्गदर्शकांबद्दल माझं मत तिखट आहे. ‘सात दिवसांत वेब सिरीज’वाल्या शिबिरांत पैसे घालू नका. तिथे तीन अंकी रचनेचा तक्ता मिळतो, तो कुठेही मिळतो. नाटकवाल्या ज्येष्ठांकडून संवाद जरूर शिका, त्यात नाशिकचा हात धरणारं कुणी नाही. रचनेसाठी मात्र संकलकाकडे बसा, लग्नाचे व्हिडिओ कापणारा असला तरी चालेल. सीन कुठे मरतो हे त्याला दिसतं, कारण तो रोज तिथे कात्री लावतो. आणि सार्वजनिक वाचनालयाचं सभासदत्व घ्या. एका माजी फौजदाराच्या आठवणी किंवा पाटबंधाऱ्यावरचं एखादं जुनं पुस्तक दहा यूट्यूब मुलाखतींपेक्षा जास्त सीन देतं.

लिहितानाच शूटिंगचा विचार करा. रोज चार-पाच पानं चित्रित होतात, म्हणजे 240 पानांना 50 ते 60 दिवस. सहाही भागांतले एका जागेवरचे सीन सलग उरकले जातात, म्हणून चार जागा वारंवार वापरणारी पटकथा चाळीस जागांच्या पटकथेपेक्षा आधी उभी राहते. ऋतूही बघा. द्राक्षाची गोडी छाटणी ऑक्टोबरच्या आसपास आणि काढणी मुख्यतः जानेवारी ते मार्च, तेव्हा जूनमध्ये निफाडच्या बागेत लगडलेले घड लिहिलेत तर पहिला हसणारा माणूस शूटिंगची व्यवस्था बघणारा स्थानिक लाइन प्रोड्यूसर असेल. पुराचा सीन लिहिताना गोदाकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेपर्यंत पाणी की डोक्यावरून, हे ठरवा. नाशिककर पुराची उंची त्याच्यावरच मोजतो, आणि निर्मात्यालाही त्यावरूनच कळतं की हे पाणी व्हीएफएक्सनं करायचं की खऱ्या पावसाची वाट बघायची. 2027 च्या सिंहस्थाच्या काळात रामकुंडावर काही बेतू नका.

आता पैसे आणि हक्क. कल्पनेवर कॉपीराइट नसतो, हे सर्वोच्च न्यायालयानं आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या खटल्यात 1978 मध्येच सांगून ठेवलं आहे. संरक्षण मिळतं ते लिहून काढलेल्या मांडणीला. म्हणून फोनवर गोष्ट ऐकवू नका. आधी स्क्रीनरायटर्स असोसिएशन या पटकथालेखकांच्या संघटनेत ऑनलाइन नोंदणी, मग ईमेलनं पीडीएफ, मग भेट. ही नोंदणी म्हणजे त्या तारखेला तो मजकूर तुमच्याकडे होता याचा पुरावा, त्याहून जास्त काही नाही. पण वाद झाला तर पहिला प्रश्न त्याचाच येतो. घाबरून कुणालाच काही न दाखवणं हा मात्र त्याहून मोठा तोटा आहे. बहुतेक निर्मात्यांना चोरी करायला सवडच नसते.

करार हातात आला की तीन जागी बोट ठेवा. एक, मुदत आणि प्रदेश. कॉपीराइट कायद्याच्या कलम 19 नुसार मुदत लिहिली नसेल तर हस्तांतर पाच वर्षांचं आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरतं धरलं जातं. शिवाय एक वर्षात हक्क वापरले नाहीत तर ते तुमच्याकडे परत येतात, करारात वेगळं काही लिहिलेलं नसेल तरच. म्हणूनच छापील करारात ते ‘वेगळं’ बहुधा लिहिलेलंच असतं. दोन, हप्ते कशावर मिळतात. ‘मसुदा मंजूर झाल्यावर’ असं असेल तर मंजुरी कधीच येत नाही. ‘मसुदा सादर केल्यापासून अमुक दिवसांत’ करून घ्या, आणि त्या मानधनात प्रत्येक मसुद्याच्या किती दुरुस्त्या धरल्या आहेत तो आकडा लिहून घ्या. तीन, श्रेय. कथा, पटकथा, संवाद यांपैकी तुमचं काय, हे पडद्यावर जसं दिसणार तसंच करारात हवं. 2012 च्या दुरुस्तीनंतर लेखकाचा रॉयल्टीतला वाटा करारानं सोडून देता येत नाही, त्यामुळे ‘एकदाच सगळं मिळेल’ या वाक्याला मान डोलवू नका.

मुंबईतली भेट मागताना दुपारी बाराची मागा. सकाळची पंचवटी एक्सप्रेस धरून दादरला उतरून अंधेरी गाठता येते, आणि बैठक दोन तास लांबली तरी संध्याकाळची पंचवटी मिळते. चारची वेळ दिली असेल तर पहिली भेट व्हिडिओ कॉलवर करू म्हणा. कुणी वाईट वाटून घेत नाही.

त्या बैठकीत एक प्रश्न ठरलेला: ‘दुसरा सीझन काय आहे?’ लिमिटेड सिरीज घेऊन गेलात तरी विचारतातच. घाईघाईत मेलेल्या पात्राला जिवंत करू नका. गोष्ट इथे संपते असं सरळ सांगा, आणि त्याच जगातली दुसरी एखादी बंद गोष्ट, दुसरी माणसं, दुसरं वर्ष, पाच ओळींत तयार ठेवा. करारात मात्र त्याची वेगळी ओळ घालून घ्या: याच जगावर पुढे काही झालं तर लेखनाची पहिली विचारणा तुम्हाला, वेगळ्या मानधनावर.