देवासमोर लहान व्हायचं म्हणजे नेमकं करायचं काय

आमच्या धर्मग्रामात (म्हणजे आमच्या चर्चच्या वस्तीत) मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, बायबलमधलं ते ‘बालकांसारखे व्हा’वालं वाचन आलं की सगळ्या आया आपापल्या पोरांकडे बघून हसतात, नी नेमकं त्याच वेळी एखादं पोर बाकाखाली घुसून पुढच्या माणसाची चप्पल पळवत असतं. त्यामुळे मुलं निरागस असतात म्हणून येशूने त्यांचं उदाहरण दिलं, हे मला कधीच पटलं नाय. बायबलमधल्या मत्तयच्या शुभवर्तमानाचा 18वा अध्याय काढून बघा, शिष्यांचा प्रश्न होता स्वर्गाच्या राज्यात सगळ्यात मोठा कोण, म्हणजे पोस्ट कुणाला मिळणार, नी त्यावर येशूने एका पोराला बोलावून मध्ये उभं केलं. त्या काळात लहान मुलाला कसला मान नी कसला हक्क, जे मिळेल ते दुसऱ्याच्या हातून. तर लहान होणं म्हणजे गोड गोड होणं नाय. आपल्याकडे दाखवायला काही नाय हे माहीत असून हात पुढे करणं, एवढंच. आता हे रोजच्या जगण्यात कसं करायचं ते मला जसं जमलं (आणि जसं जमलं नाय) तसं सांगतो.

पहिलं काम, प्रार्थनेला इस्त्री करणं बंद करा. हे मी स्वतः मार खाऊन शिकलोय. काही वर्षांपूर्वी ज्या कंपनीत होतो तिथून मला काढलं, नी मी घरी सांगितलंच नाय. तीन महिने रोज सकाळी डबा घेऊन वसई रोडला लोकल पकडायची, कुठेतरी उतरायचं, फिरायचं, डबा खायचा, संध्याकाळी परत. रविवारी मात्र चर्चमध्ये पुढे जाऊन वाचन करायचो, आवाज एकदम खणखणीत, आणि प्रार्थना तर अशी की हे दयाळू परमेश्वरा तुझ्या अगणित कृपादानांबद्दल वगैरे वगैरे. देवाला पण मी ऑफिसातलाच रिपोर्ट देत होतो, सगळं ठीक आहे म्हणून. मग एक दिवस आईने शर्ट धुवायला घेतला, तर खिशातून पाच रिटर्न तिकिटं निघाली. एक दादरचं, दोन चर्चगेटची, एक अंधेरीचं, एक बोरीवलीचं. पास संपला होता नी नवीन काढायला हात धजत नव्हता ना. तिने ती तिकिटं टेबलावर एकाखाली एक लावून ठेवली, वर मिठाची बरणी ठेवली उडू नयेत म्हणून, आणि म्हणाली, आधी जेवून घे. बस. त्या रात्री मी केलेली प्रार्थना तीन शब्दांची होती, देवा, जमत नाय. माझ्या मते त्या वर्षातली ती पहिली खरी प्रार्थना.

म्हणून सांगतो, आठवडाभर करून बघा, प्रार्थनेत पुस्तकी शब्द वापरायचा नाय, घरात ज्या भाषेत बोलता त्याच भाषेत बोलायचं, सामवेदी बोली तर सामवेदी, कोळी बोली तर कोळी. येशू स्वतः पकडला जायच्या आधी गेथशेमानी बागेत घाबरलेला असताना ‘अब्बा’ म्हणजे ‘बाबा’ म्हणाला, तो त्याच्या घरातलाच अरामी शब्द होता. सुरुवातीला लाज वाटेल. वाटू दे.

दुसरं, मागायचं ते आजपुरतं. येशूने शिकवलेल्या प्रार्थनेतलं ‘आमची रोजची भाकर आज आम्हांला दे’ हे आपण इतक्या स्पीडने म्हणतो की त्यात ‘आज’ आहे हे लक्षातच येत नाय. बायबलच्या निर्गम पुस्तकातल्या 16व्या अध्यायात देव रानातल्या लोकांना मान्ना नावाचं अन्न आभाळातून पाडतो तिथे हाच नियम आहे, लागेल तेवढा गोळा करा, उद्यासाठी ठेवू नका, ज्यांनी ठेवला त्यांच्या मान्नात किडे पडले नी वास सुटला (शब्बाथाच्या म्हणजे विसाव्याच्या वाराच्या आदल्या दिवशी मात्र दुप्पट घ्यायची परवानगी होती, तो टिकायचा). बर्फाशिवाय टोपलीत राहिलेले बोंबील ज्याने बघितलेत त्याला हे वेगळं समजवायला नको. आता याचा अर्थ बँकेत पैसे ठेवू नका असा नाय, मच्छीमारीबंदीचे जून-जुलै काढायचे तर आमच्याकडे सुकवलेलं गाठीला लागतंच. पण काळजी मात्र आजचीच करा. मी काय करतो, सकाळी उठून त्या दिवसाची एकच गोष्ट मागतो, बारीकशी, म्हणजे आज अमक्याशी बोलताना आवाज चढू देऊ नको, असं. पाच वर्षांनी पोरांच्या फीचं काय, ते त्या सकाळी काढायचं नाय.

इथे कुणीतरी म्हणणारच की मग काय हात बांधून बसायचं का. नाय ओ. आमचे बाबा डोलीवर जायचे. डोल म्हणजे मोठ्या पिशवीसारखं जाळं, समुद्रात रोवलेल्या खुंटांना बांधायचं, तोंड प्रवाहाकडे, आणि माशांच्या मागे धावायचं नाय, पाणीच मासळी आत घेऊन येतं. पण पाणी लागायच्या आधी डोल बांधून झाली पाहिजे आणि पाणी फिरायच्या आत ओढून झाली पाहिजे, मग रात्रीचे दोन वाजलेले असोत की तीन. उधाणाच्या दिवसांत ओढ जास्त, भांगावर (म्हणजे भरती-ओहोटी कमी असते त्या दिवसांत) ओढच नसते, तेव्हा कितीही टॅलेंटेड तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या, असला तरी जाळी शिवत बसतो. गाठ आपली, भरती-ओहोटी त्याची. बाबांनी यावर कधी प्रवचन दिलं नाय, पण भांगाच्या दिवसांत त्यांची चिडचिड झालेली पण मी कधी बघितली नाय, आणि मला ऑफिसात एक ईमेल उशिरा आला तरी ॲसिडिटी होते.

तिसरं जरा कठीण आहे, माणसांकडून घ्यायला शिका. देवावर अवलंबून आहे म्हणणारी पुष्कळ माणसं शेजाऱ्याकडून वाटीभर साखर घेताना मरतात. माझी नोकरी गेल्याचं कळल्यावर एका मावशीने पिशवीतून वाकटी नी सोडे (सुकी मासळी) आणून दिले, मी नको नको करत होतो, तर आई आतून ओरडली, घे रे, तिला पण देऊ दे ना. मदत घेतली की लगेच परतफेडीचा हिशोब मांडू नका, थँक्यू म्हणा नी घ्या. पोरं हिशोब ठेवतात का. आणि जिथे आपला रुबाब आहे तिथे एक पायरी खाली उतरून बघा. आपल्याच वसईत जन्मलेला संत गोन्सालो गार्सिया जपानात चांगला व्यापारी होता, ते सोडून मनिलाला जाऊन फ्रान्सिस्कन संन्यासी झाला, तेही फादर म्हणून नाय, साधा ब्रदर म्हणून, नी परत जपानात गेला तो दुभाष्या म्हणून, दुसऱ्यांचे शब्द पोहोचवायला. 5 फेब्रुवारी 1597ला नागासाकीला त्याला क्रुसावर मारलं. आपल्याला एवढं कोण सांगतोय, सणाची वर्गणी गोळा करताना पावतीपुस्तक दुसऱ्याच्या हातात दिलं तरी पुष्कळ झालं.

कधीकधी मग काहीच मागू नका. बायबलमधलं स्तोत्र 131 फक्त तीन वचनांचं आहे, त्यात दूध तुटलेलं बाळ आईजवळ शांत बसलंय. तान्हं नाय, दूध तुटलेलं, हे बघा. पूर्वी बायका अंगावरचं तोडायला कडू काहीतरी लावायच्या, मग पोर चार दिवस घर डोक्यावर घ्यायचं, नी एक दिवस नुसतंच येऊन मांडीवर बसायचं, दुधासाठी नाय, आई आहे म्हणून. रोज दहा मिनिटं असं बसा. मोबाईल दुसऱ्या खोलीत.

एक सावधगिरी. ‘लहान मुलांसारखे व्हा’ म्हणत कुणी तुम्हाला प्रश्न विचारू नका, औषध बंद करा, सोनं आणून द्या असं सांगायला लागला तर सरळ उठून घरी या. लहान पोर गप्प बसतं कुठे, दिवसभर का का का करून डोकं खातं. येशूचा प्रेषित पौल याने करिंथ शहरातल्या ख्रिस्ती लोकांना (पहिलं पत्र, 14:20) लिहिलंय की विचारात बाळ राहू नका, वाईटपणाच्या बाबतीत बाळ राहा. शुगरची गोळी घ्यायची आणि प्रार्थना पण करायची.

आणि प्रार्थनेत झोप लागली तर मनाला लावून घेऊ नका. बाळ येशूची संत तेरेजा, 24व्या वर्षी गेली नी 1997ला पोपनी जिला चर्चची डॉक्टर (औषधवाली नाय, शिकवणुकीतली गुरू) म्हणून जाहीर केलं, तिला पण लागायची, नी तिचं म्हणणं होतं की पोर झोपलं म्हणून आईबापाला ते कमी आवडतं असं थोडंच आहे. बाबा आता डोलीवर जात नाय, पण संध्याकाळच्या रोझरीला (मण्यांच्या माळेवरच्या प्रार्थनेला) तिसऱ्या रहस्याच्या, म्हणजे तिसऱ्या टप्प्याच्या, आसपास त्यांची मान खाली जाते, मणी बोटातच अडकलेला. आई आधी कोपराने ढोसायची. आता ढोसत नाय, आवाज थोडा खाली घेते आणि उरलेली माळ पुरी करते.