कोटेशन स्पॅममध्ये जाते? या चुका टाळा

“मेल पाठवलाय भाऊ, स्पॅममध्ये बघा ना जरा.” जळगावच्या एमआयडीसीत चटईवाल्यांपासून डाळ मिलवाल्यांपर्यंत सगळे गिऱ्हाइकाला हेच सांगतात. शोधायचे काम गिऱ्हाइकाचे नाही. दोष बहुतेक वेळा आपल्याच डोमेनच्या (मेलच्या पत्त्यातल्या @ नंतरच्या नावाच्या) सेटिंगमध्ये असतो.

सगळ्यात जास्त सापडणारी चूक म्हणजे एका डोमेनवर दोन एसपीएफ रेकॉर्ड. आपल्या नावाने कोणकोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात, त्याची यादी म्हणजे एसपीएफ. ती एकच असावी लागते. दोन सापडल्या की समोरचा सर्व्हर त्यातली बरोबर कोणती ते शोधत बसत नाही, तपासणीच नापास करतो.

सावद्याच्या एका केळी निर्यातदाराचे असेच झाले. वेबसाइटवाल्याने एक रेकॉर्ड टाकून ठेवला होता. पुढे बिलिंगचे सॉफ्टवेअर घेतले, तेव्हा त्यांच्या माणसाने जुना न बघताच दुसरा टाकला. दुबईच्या खरेदीदाराला पाठवलेले दर स्पॅममध्ये पडून राहिले. उत्तर येईना म्हणून यांनी तोच मेल विषयात ‘अर्जंट’ लिहून पुन्हा पुन्हा धाडला. कापलेला घड थोडाच थांबतो? खरेदीदाराने दुसऱ्याकडून माल उचलला. दोन्ही रेकॉर्डमधले सर्व्हर एका ओळीत आणले, एवढीच दुरुस्ती होती. डीएनएसला, म्हणजे डोमेनच्या हे रेकॉर्ड ठेवणाऱ्या नोंदवहीला, घाईने हात लावणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो, कारण नुकसान त्यांचे होत नाही.

मी आधी सगळे टीएक्सटी रेकॉर्ड (डीएनएसमधल्या मजकुराच्या नोंदी, एसपीएफ यांतच असतो) वहीत उतरवतो, मग बदल करतो. एसपीएफमध्ये दहापेक्षा जास्त डीएनएस लुकअप (यादीतली नावे डीएनएसमध्ये शोधायच्या खेपा) चालत नाहीत, म्हणून बंद केलेल्या सेवांची नावे काढून टाकतो. नंतर स्वतःच्या जीमेलवर मेल पाठवून तीन टिंबांतले ‘शो ओरिजिनल’ उघडतो. एसपीएफ, डीकेआयएम (मेलवरची डिजिटल सही) आणि डीमार्क (तपासणीत नापास मेलचे काय करायचे ते सांगणारा आपल्या डोमेनचा नियम) तिघांपुढे ‘पास’ दिसल्याशिवाय गिऱ्हाइकाला मेल जात नाही.

डीमार्क पहिल्याच दिवशी ‘रिजेक्ट’वर (नापास मेल नाकारा) ठेवू नका. ‘नन’पासून (काहीच अडवू नका) सुरुवात करा, येणारे रिपोर्ट वाचा, मग कडक करा.

जीमेलचा पत्ता ‘फ्रॉम’मध्ये टाकून बाहेरच्या सॉफ्टवेअरने घाऊक मेल पाठवणे बंद करा.

आणि विकतच्या याद्या! ‘लाखभर ईमेल, स्वस्तात’ असे कुणी म्हणाले तर त्याला दारातूनच परत पाठवा. त्या याद्यांत बंद पडलेले पत्ते असतात, स्पॅमवाले पकडायला मुद्दाम ठेवलेले पत्तेही असतात. फेब्रुवारी २०२४ पासून गूगलने नियम कडक केले आहेत. स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांच्या खाली हव्यात, म्हणजे हजारात तीनसुद्धा जास्तच. जीमेलवर दिवसाला ५,००० किंवा जास्त मेल पाठवणाऱ्याला डीमार्क सक्तीचे आहे आणि जाहिरातीच्या मेलमध्ये एका क्लिकने नाव काढायची सोयही द्यावी लागते. तुम्ही पन्नासच पाठवत असाल तरी ही सोय द्या. नाव काढायला जागा सापडली नाही की माणूस स्पॅमचे बटण दाबतो.

नवे डोमेन असेल तर पहिले काही आठवडे फक्त ओळखीच्या, उत्तर देणाऱ्या गिऱ्हाइकांनाच लिहा.