नैरोबीच्या वस्तीत मुलांमध्ये सेवाकार्य: दोन आठवड्यांच्या मुक्कामाची तयारी कशी करावी

मथारे किंवा किबेरासारख्या वस्तीत मुलांमध्ये काम करायला जायचं असेल, तर आधी तिथल्या मंडळीचे (चर्चचे) पाळक आणि संडे स्कूलच्या शिक्षिका यांच्याशी बोलणी करा, तिकिटं नंतर काढा. त्यांना एकच प्रश्न स्पष्ट विचारा: आम्ही परत गेल्यावर पुढच्या सोमवारी हे काम कोण चालवणार? उत्तरात एखादं नाव आलं, तरच पुढे जायचं. नाव नसेल, तर सुरू केलेला खाऊ, शिकवणी किंवा औषधवाटप तुमच्या विमानाबरोबरच संपतं आणि पालकांची बोलणी त्या पाळकांना खावी लागतात.

वेळ निवडताना आपली शाळेची सुट्टी धरून चालत नाही. केनियात तीन सत्रं असतात आणि मोठ्या सुट्ट्या एप्रिल, ऑगस्ट आणि नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये येतात. आपल्या मे महिन्यात तिथं शाळा सुरू असतात, शिवाय मार्च ते मे हा मोठ्या पावसाचा काळ. वस्तीतल्या गल्ल्यांत तेव्हा घोटाभर चिखल असतो आणि पत्र्यावरच्या पावसात मुलांना गोष्ट ऐकूच जात नाही. ऑगस्ट सगळ्यांत सोयीचा. दिवाळीच्या सुट्टीत जाणार असाल तर लहान पाऊस गृहीत धरून छपराची सोय आधी विचारा.

कागदपत्रांत घोडं दोन ठिकाणी अडतं. पहिलं म्हणजे प्रवेश. भारतीयांना ई-टीए, म्हणजे प्रवासाआधीची प्रवेश-परवानगी, ऑनलाइन काढावी लागते, पण पर्यटक म्हणून आत जाऊन शिकवणं किंवा वाटप करणं चालत नाही. थोड्या दिवसांच्या कामासाठी यजमान मंडळीने इमिग्रेशन खात्यात स्पेशल पाससाठी अर्ज करायचा असतो. लांब मुक्कामाच्या धार्मिक किंवा धर्मादाय कामाला ‘आय’ वर्गाचं परमिट लागतं. दुसरं, पीतज्वराची लस. केनियाहून भारतात परतताना तिचं पिवळं कार्ड दाखवावं लागतं, नाहीतर विमानतळावर अलग ठेवतात. लस प्रवासाच्या किमान 10 दिवस आधी, सरकारमान्य केंद्रावरच घ्यायची. एकदा घेतली की कार्ड जन्मभर चालतं. हिवतापाचा धोका उंचावरच्या नैरोबीत कमी आहे. व्हिक्टोरिया सरोवराकाठच्या किसुमूकडे किंवा समुद्रकिनाऱ्याकडे जाणार असाल तर प्रतिबंधक गोळ्यांचं डॉक्टरांना विचारा. गटातल्या प्रत्येकाचं पोलिस क्लिअरन्स सर्टिफिकेटही काढा. यजमानांनी मागितलं नसलं तरी काढा.

बॅगा भरताना एक गोष्ट लक्षात ठेवा: 28 ऑगस्ट 2017 पासून केनियात प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे आणि दंड जबर आहे. पन्नास मुलांच्या भेटवस्तू पन्नास कॅरीबॅगांत बांधून नेण्याची आपली सवय इथं नडते. कापडी पिशव्या घ्या. जुने कपडे तर नेऊच नका. तिथं ‘मितुंबा’ म्हणजे परदेशातून गाठोड्यांनी येणारे वापरलेले कपडे, आणि तो बाजार एवढा मोठा आहे की तुमच्या बॅगेतल्या वीस किलोंना किंमत नाही. प्राथमिक शिक्षण 2003 पासून मोफत असलं तरी मुलं घरी बसतात ती गणवेश, परीक्षेचे पैसे आणि दुपारचं जेवण यांच्यापायी. त्यामुळे वस्तीतल्याच शिंप्याकडून (त्याला तिथं ‘फुंडी’ म्हणतात) गणवेश शिवून घेणं कितीतरी बरं. मापं शाळेतल्या शिक्षकांनी घ्यावीत आणि वाटपही त्यांच्याच हातून व्हावं.

आता खाण्याकडे. सकाळच्या कार्यक्रमात ‘उजी’ द्या. ही मका आणि नाचणीच्या पिठाची पातळ पेज. आंबील ज्याच्या हातात बसली आहे त्याला ती पहिल्याच दिवशी जमते. नाचणीला तिथं ‘विंबी’ म्हणतात आणि ती कोपऱ्यावरच्या दुकानातही मिळते. 60 मुलांना प्रत्येकी 300 मिलिलिटर, म्हणजे 18 लिटर उजी लागते. त्यासाठी मक्याचं पीठ 1.8 किलो, विंबी 900 ग्रॅम, साखर अर्धा किलो, पाणी 17 लिटर. पातेलं (‘सुफुरिया’) किमान 25 लिटरचं हवं, कारण उजी फुगून वर येते. 12 लिटर पाणी उकळत ठेवा. उरलेल्या 5 लिटर गार पाण्यात सगळं पीठ गुठळी न होऊ देता कालवा आणि धार धरून उकळत्या पाण्यात ओता. दुसऱ्या माणसाने लांब दांड्याने ढवळत राहायचं. पीठ कोरडंच उकळत्या पाण्यात टाकलं की गोळे होतात, आत कच्चं राहतं आणि लहान मुलांची पोटं दुखतात. मंद आचेवर 20 ते 25 मिनिटं शिजू द्या, साखर शेवटी. ऐपत असेल तर अर्धा किलो दूध पावडर कोमट पाण्यात विरघळवून, पातेलं उतरवल्यावर घाला. वाढण्याआधी 15 मिनिटं थांबाच. प्लास्टिकच्या मगात गरम उजी आणि मागून रेटणारी रांग, यातून हमखास कुणीतरी भाजतं. कोळशाची शेगडी नेहमी उघड्यावर ठेवा. पत्र्याच्या बंद खोलीत तिचा धूर जीव घेऊ शकतो.

मक्याचं पीठ सुटं, स्वस्तातलं घेऊ नका. बुरशी लागलेल्या मक्यात अफ्लाटॉक्सिन तयार होतं आणि ते शिजवल्याने जात नाही. 2004 मध्ये पूर्व केनियात त्याच्या विषबाधेने 125 जण दगावले. केनियाच्या मानक संस्थेचा, म्हणजे केब्सचा शिक्का असलेलं बंद पाकीट घ्या, तारीख बघा, वास घ्या. शेंगदाणेही त्याच कारणाने टाळलेले बरे.

तिसऱ्या दिवशी गर्दी वाढते, हे धरून चाला. बातमी वस्तीभर पसरलेली असते. सामान रोजच्या हिशोबापेक्षा पंचमांश जास्त ठेवा. तरी कमी पडलं, तर उजीत पाणी वाढवू नका, प्रत्येकाचा मग थोडा कमी भरा. पातळ केलेली उजी पोट भरल्याचा नुसता भास देते. रांगेत लहानांना पुढे घ्या. हात धुवायला पाच लिटरच्या कॅनला भोक पाडून, दोरी आणि पायाने दाबायची काठी लावून नळ बनवा. शेजारी साबण टांगून ठेवा. पिण्याचं पाणी उकळा किंवा क्लोरीनचं द्रावण बाटलीवरच्या मापाने घालून अर्धा तास ठेवा.

खाणं आणि प्रार्थना एकाच गाठीत बांधायची नाही. हे आपल्या लोकांना तरी वेगळं सांगायला नको. 1876-78 च्या दुष्काळानंतर नगर जिल्ह्यात मिशनकडे आलेल्या घराण्यांनी ‘भाकरीसाठी ख्रिस्ती झाले’ हा टोमणा पिढ्यान्‌पिढ्या ऐकला. म्हणून आधी उजी, मग अर्धा तास खेळ, आणि बायबलचा पाठ त्यानंतर. ज्याला घरी जायचं त्याने खुशाल जावं. पाठाला न बसणाऱ्या मुलालाही दुसऱ्या दिवशी तेवढाच मग मिळाला पाहिजे. मुस्लिम घरांतली मुलं असतील, तर पाठ काय असतो ते पालकांना आधी सांगा.

पाठ छोटा ठेवा. दुभाष्यामार्फत बोललं की वेळ दुप्पट लागतो, त्यामुळे आठ मिनिटांची गोष्ट सोळा मिनिटांची होते आणि सात वर्षांच्या मुलाला तेवढी पुरते. एका शिक्षकामागे 12 ते 15 मुलं. मुलं आपसात शेंग बोलतात, म्हणजे स्वाहिली-इंग्रजीची शहरी मिसळ. गोष्ट सांगायचं काम तिथल्याच तरुणांना दिलं तर गंमत शतपटीने वाढते. तुम्ही तयारी, साहित्य आणि खेळ सांभाळा. रस्त्यात मुलं ‘म्हिंदी’, म्हणजे भारतीय, म्हणून हाक मारतील. ती शिवी नव्हे. मात्र भारतीय म्हणजे दुकानदार किंवा मालक ही समजूत तिथं जुनी आहे. खिशातून नोटा काढून वाटल्या की ती पक्की होते आणि पुढच्या गटाकडे लोक त्याच नजरेने बघतात.

आजारी मूल दिसलं तर औषध देऊ नका, ओळखायला शिका. 6 ते 59 महिन्यांच्या बाळाच्या दंडाला मापपट्टी लावा: घेर 115 मिलिमीटरच्या खाली आला तर गंभीर कुपोषण, 115 ते 125 च्या मध्ये मध्यम. दोन्ही पावलांवर अंगठा तीन सेकंद दाबून खळगा राहिला, तरीही गंभीर. अशा बाळाला भरपेट जेवू घालून बरं करायला जाणं धोक्याचं. फार अशक्त शरीराला अचानक आलेलं अन्न झेपत नाही. त्या भागातल्या कम्युनिटी हेल्थ प्रमोटरला (आपल्या आशाताईंसारखी वस्तीतली आरोग्यसेविका) बोलवा आणि आईला सोबत घेऊन त्याच दिवशी सरकारी आरोग्य केंद्रात जा.

मुलांबरोबर एकटं कुणी राहायचं नाही, कायम दोन मोठी माणसं. फोटो पालकांच्या परवानगीनेच काढा. नाव आणि शाळा त्यात दिसू नये. मुलांना फोन नंबर देऊ नका. एखाद्या मुलाने घरातल्या मारहाणीबद्दल किंवा अत्याचाराबद्दल सांगितलं, तर उलटतपासणी घेऊ नका, गुपित ठेवण्याचं वचनही देऊ नका. त्याचेच शब्द लिहून ठेवा आणि यजमान मंडळीच्या जबाबदार व्यक्तीला लगेच कळवा. केनियात मुलांसाठीच्या हेल्पलाइनचा नंबर 116 आहे, मोफत.

अनाथाश्रमाला एक दिवस भेट देण्याचा कार्यक्रम यादीतून काढून टाका. अशा ठिकाणच्या पुष्कळ मुलांचे आईवडील किंवा नातेवाईक हयात असतात, आणि पाहुण्यांचा ओघ जितका मोठा तितकी मुलं आणून ठेवायची ओढ वाढते. केनियाने 2017 मध्ये नव्या बालगृहांची नोंदणी थांबवली ती उगाच नाही. तोच पैसा मुलाला घरी ठेवून शाळेत पाठवण्यात घाला.

पैसे पाठवायचे असतील तर ट्रस्टच्या खात्यातून थेट पाठवू नका. भारतातल्या धर्मादाय ट्रस्टने देशाबाहेर केलेल्या खर्चाला आयकराची सूट साधारणपणे मिळत नाही. त्यासाठी सीबीडीटीची (केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाची) मान्यता लागते. आधी सीएला विचारा. व्यक्तीला मात्र बँकेमार्फत, परदेशी पैसे पाठवण्याचा ए2 फॉर्म भरून, आरबीआयच्या मर्यादेत देणगी पाठवता येते. ती मंडळीच्या खात्यातच जमा करा, कुणा एकाच्या एम-पेसावर (तिथलं मोबाइलवरचं पैशांचं खातं) नको, आणि दर सत्राच्या शेवटी गणवेश किती शिवले, परीक्षेचे पैसे किती मुलांचे भरले, एवढाच हिशोब मागवा.