एसी आहे, एक्झॉस्ट आहे, तरी घर कोंदट का? या चुका टाळा

सकाळी उठल्यावर डोकं जड वाटतं का? बाहेरून येऊन दार उघडताच कुबट वास येतो का? घरात बसलेल्या माणसाच्या नाकाला त्या वासाची सवय झालेली असते, म्हणून परीक्षा बाहेरून आल्यावरच करायची. वास आला तर घरात हवा खेळत नाही, असं समजा. बहुतेक फ्लॅटमध्ये मी एकच गोष्ट पाहते: यंत्रं सगळी असतात, पण हवेला आत यायला आणि बाहेर जायला वाटच ठेवलेली नसते.

एसीचंच घ्या. स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणत नाही. खोलीतलीच हवा ओढतो, गार करतो, थोडी कोरडी करतो आणि परत खोलीत सोडतो. बाहेरच्या युनिटकडे जाणाऱ्या तांब्याच्या नळ्यांतून गॅस फिरतो, हवा नाही. दहा बाय बाराच्या खोलीत तिघं-चौघं रात्रभर दार-खिडक्या लावून झोपले की श्वासातला कार्बन डायऑक्साइड तिथेच साठत जातो. झोपण्याआधी दहा मिनिटं समोरासमोरच्या खिडक्या उघडा आणि रात्री बेडरूमचं दार बोटभर किलकिलं ठेवा. त्याने विजेचं बिल फारसं वाढत नाही आणि सकाळ हलकी होते.

पंखा फिरतो, पण ठसका हॉलमध्ये

मोहरी तडतडते, मिरची पडते आणि ठसका लागतो तो हॉलमध्ये बसलेल्या आजोबांना. एक्झॉस्ट फॅन तर जोरात फिरत असतो. बऱ्याचदा दोष पंख्याचा नसतो, त्याच्या शेजारच्या उघड्या खिडकीचा असतो. पंखा हवा ओढतो ती सर्वांत जवळून, म्हणजे त्याच खिडकीतून. ती हवा दोन फुटांचा वळसा घेऊन पंख्यातून निघून जाते आणि शेगडीवरचा धूर मागे राहतो. पंख्यालगतची खिडकी लावा. घराच्या दुसऱ्या टोकाची, हॉलची किंवा बेडरूमची, चार बोटं उघडा. मग हवा अख्खं घर ओलांडून शेगडीवरून पंख्याकडे जाते.

खात्री करायची तर शेगडी बंद असताना तिच्या वर पेटती उदबत्ती धरा. धुराची रेघ पंख्याकडे वाकली पाहिजे. आमच्याकडे ती सरळ छताला गेली आणि तिथून आरामात हॉलकडे वळली. खिडकी बदलताच तीच रेघ पंख्याकडे ताणली गेली. तरीही वाकली नाही, तर पात्यांवर तेलाचा चिकट थर बसलाय का आणि बाहेरच्या झडपा पूर्ण उघडतात का ते पाहा. पंखा फोडणीच्या आधी लावा आणि गॅस बंद केल्यावर आणखी दहा-पंधरा मिनिटं चालू ठेवा.

चिमणी घेताना पाइप बाहेर काढणारीच घ्या. बिनपाइपाची चिमणी तेलकटपणा आणि थोडा वास अडवते. वाफ आणि जळालेला वायू परत तुमच्याच तोंडावर सोडते.

बाथरूममधला गॅस गीझर

तुमच्याकडे गॅस गीझर बाथरूमच्या आत असेल, तर बाकी सगळं नंतर करा, हे आज करा. बंद जागेत एलपीजीला ऑक्सिजन कमी पडला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वासही नाही. गॅसगळती कळते ती सिलिंडरच्या गॅसमध्ये मुद्दाम मिसळलेल्या वासामुळे. इथे तसा कुठलाच इशारा मिळत नाही. डोकं दुखतं, मळमळतं, पाय गळतात आणि कडी काढायचीही ताकद राहत नाही. नुसता एक्झॉस्ट फॅन लावूनही भागत नाही. आत हवा यायला जागा नसेल तर तो गीझरचा जळका वायूच बाथरूममध्ये खेचून पसरवतो. गीझर ड्राय बाल्कनीसारख्या मोकळ्या जागी हलवा आणि पाणी पाइपाने आत आणा. तोवर बादली भरा, गीझर बंद करा, दार उघडून हवा जाऊ द्या, मगच आंघोळीला शिरा.

एसीची निगा

वर्षातून एकदा, मार्चमध्ये सर्व्हिसिंग केलं की झालं, असं नाही. रोज वापर असेल तर फिल्टरच्या जाळ्या दर पंधरा दिवसांनी धुवा. पाणी मागच्या बाजूने सोडा. पुढून सोडलं तर धूळ जाळीत रुतते. सावलीत वाळवा. एसी लावताच आंबूस वास येत असेल तर आतली कॉइल ओली राहून तिच्यावर बुरशी धरतेय. बंद करण्याआधी पंधरा मिनिटं नुसता फॅन मोडवर चालवा.

वास गटारासारखा असेल तर ड्रेन पाइप कुठे सोडलाय ते बघा. आमच्याकडे बसवणाऱ्याने तो थेट सांडपाण्याच्या पाइपात खुपसला होता. आम्ही महिनाभर फिल्टर धूत बसलो. नळी काढून मोरीच्या जाळीच्या वर मोकळी सोडली आणि दुसऱ्या दिवशी वास गेला. कॉइलवर बर्फ धरला तरी आधी फिल्टर पाहा. 'गॅस भरावा लागेल' असं मेकॅनिक म्हणालाच, तर गळती शोधून दाखवायला सांगा. एसीतला गॅस पेट्रोलसारखा वापरून संपत नाही.

कुबट वासावर रूम फ्रेशनर आणि धूप हा उपाय नव्हे, ती हवेत आणखी भर आहे. बंद खोलीत डासांची कॉइल तर नकोच. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एका कॉइलमधून ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म कण निघाल्याचं आढळलं होतं. तान्हं बाळ असलेल्या घरात मच्छरदाणीच लावा. कुंडीतली झाडं मनाला छान, हवा शुद्ध करण्यासाठी अगदीच अपुरी. एअर प्युरिफायर धूळ धरतो, कार्बन डायऑक्साइड धरत नाही.

खिडकी कधी उघडायची, यालाही वेळ आहे. डिसेंबर-जानेवारीत मुंबई-पुण्यात पहाटेची थंड हवा जमिनीलगत दबून राहते आणि धूळ-धूर तिच्यातच अडकतो. त्या दिवसांत ऊन चढल्यावर, दुपारी उघडा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 'समीर' अॅपवर जवळच्या केंद्रावर मोजलेल्या हवेच्या दर्जाचा आकडा दिसतो. पीएम २.५ म्हणजे हवेतल्या अतिसूक्ष्म कणांबद्दल हे ध्यानात ठेवा: आपल्याकडची चोवीस तासांची मर्यादा घनमीटरमागे ६० मायक्रोग्रॅम आहे, तर जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये ती १५ सुचवली आहे.

पावसाळ्यात दोरी घरात बांधून कपडे वाळवता ना? तो सगळा दमटपणा भिंती पितात. कपडे एकाच खोलीत वाळवा, तिथे पंखा लावा आणि घराकडचं दार बंद ठेवा. बाहेरच्या भिंतीला टेकलेलं कपाट चार बोटं पुढे ओढा आणि मागे टॉर्च मारून बघा. काळे ठिपके दिसले तर रंगाऱ्याला लगेच बोलावू नका. आधी ओल कुठून येते ते शोधा, भिंत पुरती वाळू द्या, बुरशी घासून काढा, मगच रंग.